ट्रामथांब्यावरची नाचणारी बाई

त्या वर्षी रेगिना पावलाकचा फोटो पोलंडमधल्या आमच्या वूच शहरातल्या जवळजवळ प्रत्येक ट्रामथांब्यावर होता. लाल झगा, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, दुसरा हवेत, मान मागे टाकून हसणारी. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं : ‘इथे उद्याचं औषध आजच मिळतं.’ आणि त्याच वर्षी रेगिनाला स्वतःच्या कोटाची बटणं लावता येत नव्हती. मला हे ठाऊक, कारण तिचा नवरा झेनोन घरी नसला की ती आमच्या दारावर कोपराने ठोकायची आणि मी तिची बटणं लावून द्यायचे.

मी इर्मा. रेगिना आणि मी एकाच कापडगिरणीत, विणाई खात्यात, शेजारशेजारच्या मागांवर काम करत होतो. राहायलाही गिरणीच्याच लाल विटांच्या चाळीत, एकाच जिन्यावर, समोरासमोर. मागांचा खडखडाट एवढा, की आम्ही एकमेकींच्या ओठांवरून बोलणं वाचायला शिकलो होतो. मुकादमाला त्याच्यासमोर शिव्या दिल्या तरी त्याला कळत नसे. रेगिनाचे हात तेव्हा बघण्यासारखे होते. तुटलेला धागा आम्हाला सापडायच्या आत तिने जोडलेला असायचा. मुकादम दिवसभर तिच्यावर डाफरायचा आणि नवीन पोरी आल्या की शिकायला तिच्याकडेच पाठवायचा.

सरकार बदललं आणि पुढच्याच हिवाळ्यात गिरणी बंद पडली. माग भंगाराच्या भावाने गेले. आम्ही हजारो बायका एका दिवसात रस्त्यावर आलो. कुणी रडलं नाही, सगळ्या नुसत्या फाटकापाशी उभ्या राहिलो, जणू पाळी बदलायची वाट बघतोय. मी शाळेत झाडूपोछ्याला लागले. रेगिना बाजारात मोजे विकायला बसली. बर्फात, उघड्यावर, बोटं कापलेले हातमोजे घालून. तिथेच तिचे सांधे धरले, असं ती म्हणायची. डॉक्टर म्हणायचे, थंडीचा काही संबंध नाही, शरीर स्वतःवरच उलटतं. कशानेही असो, आधी बोटं सुजली, मग वाकडी झाली, मग मनगटं गेली, मग गुडघे. पन्नाशी उलटली तेव्हा चमचासुद्धा ती मुठीत धरून खायची, लहान मुलासारखी.

झेनोन ट्रामच्या डेपोत दुरुस्तीला होता. अंगाने काटकुळा आणि जिभेने फटकळ. मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्याला एकच काम उरलं, ते म्हणजे रेगिना. सकाळी तो तिची वेणी घालायचा आणि जिन्यापर्यंत त्यांचं भांडण ऐकू यायचं.

“अरे, ही वेणी आहे की ट्रामची तार?”

“तार असती तर बरी घातली असती. जन्मभर तेच केलंय.”

“ओढू नकोस, डोक्याला वीज नाही जोडलेली!”

“ते मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं.”

इकडे शहराचं नशीब पालटायला लागलं होतं. निदान वर्तमानपत्रं तसं म्हणत होती. महापौर म्हणाले, वूचने शंभर वर्षं जगाला कापड दिलं, आता आरोग्य देईल. पडक्या गिरण्या एकेक करून दवाखाने होऊ लागल्या. आधी स्टेशनमागे हृदयाचं रुग्णालय आलं, मग कॅन्सरचं, मग बाळंतपणाचं. आसपासची गावंही शहराला चिकटली, तिथे नर्सांसाठी आणि डॉक्टरांसाठी घरं उठली. शेवटी आमच्या गिरणीच्या जागेवर संशोधन संस्था आली, पूर्ण काचेची. जुनं धुरांडं तेवढं शोभेला ठेवलं. ते बांधकाम सुरू झालं आणि कोपऱ्यावरचा आमचा छोटा दवाखाना बंद झाला. का, तर आता सगळं संस्थेतच मिळणार.

सांध्यांच्या डॉक्टरचा नंबर घ्यायला मी रेगिनाला घेऊन तिथे गेले. खिडकीतल्या बाईने संगणकात पाहिलं आणि म्हणाली, “पुढच्याच्या पुढच्या वर्षी. शरदात.”

“तोवर मी मेले तर?” रेगिना म्हणाली.

“तर आठवणीने फोन करा, ताई. नंबर दुसऱ्या कुणाला देता येईल.”

ती बाई वाईट नव्हती. दिवसभरात हा प्रश्न तिला कितीदा तरी येत असणार, आणि हे उत्तर तिने कधीतरी ठरवून टाकलं असणार.

तर असं हे. नंबर लागायच्या आधीच, पोस्टाच्या रांगेत, एका तरुण बाईने रेगिनाचे हात पाहिले. तिचं नाव डॉक्टर मालविना क्रुक. तिची आजी आमच्याच गिरणीच्या रंगाई खात्यात होती. मालविना संस्थेत नव्या औषधांच्या चाचण्या बघायची. परदेशातली एक कंपनी सांध्यांसाठी नवं इंजेक्शन काढत होती, त्यासाठी त्यांना माणसं हवी होती. तपासण्या फुकट, औषध फुकट, आणि रांग नाही.

झेनोनला हे ऐकून झटकाच आला.

“म्हणजे तुला उंदीर करणार!”

“उंदराला निदान कुणीतरी रोज बघायला येतं. मला कोण बघतंय?”

“आणि शेपूट फुटलं तर?”

“तर तुला धरायला बरं.”

मालविनाने कागदांचा गठ्ठा घरी आणून तिला पानन्‌पान वाचून दाखवला. चाचणी संपल्यावर औषध देत राहण्याची जबाबदारी कंपनीवर नाही, हे वाक्यही तिने वाचलं, दोनदा वाचलं. मी तिथेच होते. पुढे लोक म्हणाले की रेगिनाला फसवलं, पण रेगिना स्वतः तसं कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, “मला सांगितलं होतं. पण बुडत्याला दोर टाकला तर तो दोर मोजत बसतो का?”

तिने सह्या केल्या, पेन मुठीत धरून.

पहिल्या भेटीहून आली ती हसतच. “इर्मा, सुया टोचायची खोली कुठे आहे माहीत आहे? विणाई खात्यात! माझी खुर्ची बरोब्बर तुझ्या मागाच्या जागी. मी त्या पोरीला म्हटलं, इथे इर्मा उभी असायची, तिला टोचून बोलायची सवय आहे.”

पहिले काही महिने काहीच झालं नाही. अर्ध्या लोकांना आधी नुसतं पाणी टोचतात, कुणाला काय ते डॉक्टरलाही ठाऊक नसतं. झेनोन म्हणायचा, “देवळातलं पवित्र पाणी तरी मागून घे. तेही फुकटच असतं.” मग चाचणीचा दुसरा भाग सुरू झाला, त्यात सगळ्यांना खरं औषध होतं.

एका सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. मी ओरडून विचारलं, कोण आहे, कारण ते ठोकणं ओळखीचं नव्हतं. दार उघडलं तर रेगिना. तिने कोपराने नाही, बोटांच्या पेरांनी ठोकलं होतं. दुसऱ्या हातात काकडीच्या लोणच्याची बरणी, आणि बरणीचं झाकण वेगळं.

“मी उघडलं,” ती म्हणाली. “मी एकटीने.”

आम्ही दोघी उंबऱ्यातच उभ्या राहून त्या काकड्या खाल्ल्या. सगळी बरणी.

त्यानंतर तिला थांबवणं अवघड झालं. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी तिने कोबी-अळंबीचे पिएरोगी केले, करंजीसारखी मुरड घालून, अख्ख्या जिन्याला पुरतील एवढे. शहराबाहेरचा त्यांचा भाजीच्या जमिनीचा तुकडा, जो तण माजून गेला होता, तो पुन्हा खणला. शेजाऱ्यांचे पडदे शिवून दिले. झेनोनच्या हातून कंगवा काढून घेतला तेव्हा तो दोन दिवस रुसून बसला, पण त्याचं रुसणं बघायला आम्हाला मजा वाटली. रात्री तिचे हात दुखत नसत. ती म्हणाली, “दुखणं गेलं की घरातला माग बंद पडल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं आवाज चालू होता हे तेव्हा कळतं.”

जूनमध्ये संस्थेच्या दुसऱ्या इमारतीचं उद्घाटन झालं. वॉर्सातून मंत्री आला. अंगणात अग्निशमन दलाचा बँड होता, निखाऱ्यावर सॉसेज भाजत होते, चाचणीतल्या रुग्णांना खास बोलावलं होतं. रेगिनाने त्यासाठी लाल झगा शिवला. बँडने पोल्का नाचाची चाल धरली आणि तिने झेनोनला ओढलं. “माझे गुडघे!” तो ओरडला. “आता तुझी पाळी,” ती म्हणाली. लोक गोल करून उभे राहिले. मी या बाईला लग्नाच्या दिवशीही असं नाचताना पाहिलं नव्हतं.

फोटो तिथेच निघाला. आठवड्याने संस्थेच्या प्रसिद्धी विभागाचा ओस्कार नावाचा एक गोड बोलणारा माणूस घरी आला.

“ताई, तुमचा चेहरा आम्हाला हवाय.”

“माझा? तुमच्याकडे तरुण नर्सा नाहीत का?”

“नर्सा सगळीकडे असतात. बरं झालेलं माणूस कुठे असतं?”

तिने आनंदाने सही केली. या वेळी पेन बोटांत धरून, वळणदार अक्षरांत. फोटो वापरण्याची मुदत संस्थेच्या मर्जीवर, असं त्यात होतं. ते कोण वाचणार.

मग ती थांब्यांवर आली, ट्रामच्या बाजूंवर आली, स्टेशनच्या भिंतीवर तर दोन मजले उंच झाली. झेनोन अर्धाच दिसायचा, त्याचा कान आणि खांदा. “जन्मभर ट्राम दुरुस्त केल्या,” तो म्हणायचा, “आणि ट्रामवर चढली ती बायको.” रेगिनाला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. बाजारात लोक वळून बघत. मत्सरही झाला, नाही असं नाही. फुकट कोण नाचतं, असं आमच्याच जिन्यावर लोक कुजबुजले. पण गावोगावचे दुखणाईत लोक तिला थांबवून विचारत, जाऊ का, भीती नाही ना? ती प्रत्येकाला सांगायची, “जा. घाबरू नका. चांगली माणसं आहेत.” आणि लोक गेले. चाचण्यांना माणसं मिळत नाहीत ही संस्थेची ओरड त्या वर्षी बंद झाली.

पुढच्या शरदात मालविनाने तिला आणि झेनोनला बोलावून घेतलं. मीही सोबत होते, बाहेर बाकावर. दार उघडंच राहिलं होतं.

“चाचणी थांबवलीय,” मालविना म्हणाली.

“औषध वाईट निघालं का?” रेगिनाने विचारलं.

“नाही.”

“मग माझ्यात काही बिघडलं?”

“नाही, रेगिनाताई. तुमचे रिपोर्ट उत्तम आहेत. ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. त्यांच्याकडे सांध्यांचं स्वतःचं औषध आहे, त्यांना हे दुसरं नकोय. सगळ्या देशांत एकदमच बंद केलं.”

मग झेनोनचा आवाज आला.

“आणि तुमच्या फ्रिजमध्ये आहे ते? मागच्या वेळी मी पाहिलंय, वरपर्यंत भरलेला होता.”

“ते परत पाठवायचं.”

“कुठे?”

“जाळायला.”

“जाळायला,” झेनोन म्हणाला.

“नियम आहे. मी त्यातलं एक जरी दिलं तरी...” इथे मालविनाला रडू फुटलं. ती खरोखर रडली, नाक लाल होईपर्यंत. आणि रेगिनाने आपल्या पिशवीतून रुमाल काढून तिला दिला. “रडू नका हो. घरी तुमची पोरं वाट बघत असतील. सुजलेले डोळे घेऊन जाऊ नका.”

बाहेर आल्यावर मात्र रेगिना जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि आपल्या बोटांकडे बघत राहिली. बोटं अजून सरळ होती.

हिवाळाभर ती बोटं हळूहळू परत वाकली. आधीच्या वेळी वर्षं लागली होती, या वेळी काही महिने पुरले. मालविनाने हात टेकले नाहीत, हे सांगायला हवं. सरकारी योजनेतून तिने दुसरी औषधं मिळवून दिली. एकाने रेगिनाचं यकृत बिघडलं, दुसऱ्याने काहीच झालं नाही. उरल्या त्या सूज दाबायच्या जुन्या गोळ्या, ज्यांनी तोंड फुगतं आणि हाडं ठिसूळ होतात. डिसेंबरात एकदा माझ्या दारावर पुन्हा कोपर वाजलं. मी दार उघडायला जरा उशीर केला. मला तिच्याकडे कसं बघावं ते कळेना.

थांब्यांवर मात्र ती नाचतच होती. आता तिसऱ्या इमारतीची तयारी चालली होती, त्यामुळे पोस्टरं नवीन छापून आणखी लावली होती.

रेगिनाने संचालकांची भेट मागितली. झेनोनला घरी ठेवलं. “तू तोंड उघडलंस की दार बंद होतं,” असं त्याला सांगून मला नेलं. प्रोफेसर गोस्तोम्स्की उमदा, पांढऱ्या केसांचा माणूस. दारापर्यंत घ्यायला आला, तिच्या कोपराला आधार देऊन बसवलं, कॉफी मागवली. पातळ चिनी मातीचे कप, कान एवढे नाजूक की माझंही बोट आत जाईना.

“विज्ञान तुमचं ऋणी आहे, ताई,” तो म्हणाला. “घ्या ना, कॉफी घ्या.”

रेगिनाने कपाकडे पाहिलं. तो पुन्हा म्हणाला, “घ्या, गार होईल.” सांध्यांचा प्रोफेसर होता तो. मी माझी खुर्ची सरकवली, तिचा कप उचलला आणि तिच्या ओठांना लावला. ती एक घोट प्यायली. तेव्हा प्रोफेसर खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर क्रेन विटांचं ओझं उचलत होती, ती बघत राहिला.

औषधाबद्दल त्याच्या हातात काही नव्हतं, ते आम्हाला आधीच ठाऊक होतं. मग रेगिना म्हणाली, “तो फोटो तरी काढा.”

“का बरं? त्याने लोकांना धीर येतो.”

“मला येत नाही.”

“तो क्षण खरा होता, ताई. तुम्ही नाचलात, हे खोटं आहे का?”

“साहेब, माझा शाळेतला फोटोही खरा आहे. पण तो दाखवल्यावर कुणी मला पाचवीत बसवून घेत नाही.”

प्रोफेसर मनापासून हसला. मग गंभीर होऊन म्हणाला की प्रांताच्या कार्यालयाने उद्घाटनापर्यंतची मोहीम मंजूर केली आहे, मध्येच बदलली तर वाईट दिसेल, नव्या इमारतीत शेकडो लोकांची सोय होणार आहे, आणि तुमच्यासारख्यांचाच त्यात वाटा आहे. त्याने आम्हाला पुन्हा दारापर्यंत सोडलं. हात मिळवायला पुढे केला, मग आठवलं, आणि तिच्या खांद्यावर थोपटलं.

त्यानंतर जानेवारीत एक गोष्ट घडली, ती मी विसरणार नाही. आम्ही दोघी थांब्यावर उभ्या होतो. चिखल झालेलं बर्फ, वारा. रेगिना काचेच्या आडोशाला टेकून उभी होती, तिच्यामागेच ते पोस्टर. बाहेरगावची एक मायलेकीची जोडी आली. आई काठी टेकत होती. लेक तिला म्हणाली, “हे बघ आई, ही बाई बघ, कशी नाचतेय. हिलाही तुझंच दुखणं होतं.” तिने फोन काढला. मग रेगिनाला म्हणाली, “आजी, जरा सरकता का? फोन नंबर दिसत नाहीये.”

रेगिना सरकली.

लेकीने नंबर लिहून घेतला आणि वर ‘आभारी आहे हं’ असं गोड म्हणाली. त्या दोघींपैकी कुणीही पोस्टरातल्या तोंडाकडून या तोंडाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी ओळखलं नसतं. गोळ्यांनी तिचा चेहरा वेगळाच झाला होता.

मी हे झेनोनला सांगायला नको होतं, पण सांगितलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो डेपोतली जुनी खरवडणी आणि कोमट पाण्याची बादली घेऊन थांब्यावर गेला. काचेची चौकट त्याने कशी उघडली विचारू नका, तो थांबा त्याच्याच हाताखाली बसवलेला होता. त्याने पोस्टर वरच्या कोपऱ्यापासून नीट, न फाडता सोलायला घेतलं. पालिकेचा एक तरुण शिपाई आला.

“आजोबा, काय चाललंय?”

“बायकोला घरी नेतोय.”

शिपाई हसला. मग त्याने पोस्टर पाहिलं, झेनोनचं तोंड पाहिलं, पुन्हा पोस्टरातला तो अर्धा कान आणि खांदा पाहिला. त्याचं हसू गेलं. नाव लिहून घेणं भाग आहे म्हणाला, लिहून घेतलं, आणि पोस्टर गुंडाळायला हातभार लावला.

दुसऱ्या सकाळी जाहिरातीची गाडी आली आणि तिथे नवं पोस्टर लागलं. झेनोन पुन्हा बादली भरायला लागला तेव्हा रेगिनाने नळ बंद केला. मनगटाने.

“पुरे. तुझे गुडघे गेले तर आपल्या दोघांची बटणं इर्माच लावत बसेल.”

त्याने बादली मोरीत पालथी केली.

वसंतात तिसरी इमारत उघडली. दुसऱ्या कुठल्या कंपनीची सांध्यांची नवी चाचणी सुरू झाली, त्याची बातमी कळताच रेगिना पहिल्या दिवशी दाराशी हजर. या वेळी तिला घेतलं नाही. ज्यांनी आधीच्या चाचणीतलं औषध घेतलंय त्यांना यात येता येत नाही, त्यांचं शरीर आता ‘कोरं’ नसतं. हे तिला मालविनाने सांगितलं, नजरेला नजर न देता. उन्हाळा संपायच्या आत मालविना नोकरी सोडून जर्मनीला गेली. तिथे ती म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात साधी डॉक्टर आहे म्हणतात. चाचण्या करत नाही.

आणि थांब्यांवरचा फोटो बदलला. आता सायकलवर बसलेली, वाऱ्याने केस उडणारी एक बाई होती. तिचं नाव लुचिना, शेजारच्या गावात तिचं फुलांचं दुकान.

तिची आमची गाठ संस्थेच्या व्हरांड्यात पडली. रेगिना आपल्या गोळ्यांची चिठ्ठी घ्यायला आली होती, मी सोबत. खिडकीतून रेगिनाचं नाव पुकारलं तेव्हा लुचिनाने तिला ओळखलं, कारण ओस्कारने तिला जुनं पोस्टर दाखवताना ते नाव सांगितलं होतं.

“तुम्ही त्या नाचणाऱ्या ना? मी तुमच्यामुळेच आले इथे! हे बघा!” असं म्हणून तिने दोन्ही मुठी उघडल्या, मिटल्या, परत उघडल्या. तिचा चेहरा अगदी लोणच्याची बरणी उघडल्याच्या दिवशी रेगिनाचा होता तसा. मग तिची नजर रेगिनाच्या हातांवर गेली. “अगं बाई. तुम्हाला काय झालं?”

मला वाटलं, रेगिना काहीतरी थातुरमातुर सांगून पुढे जाईल. तिने तसं केलं नाही.

“माझी मूठही अशीच उघडत होती,” ती म्हणाली. “मग बंद केलं. औषध चांगलं होतं, तरी बंद केलं. तुम्ही आत्ताच विचारून ठेवा, बाई, बंद झालं तर पुढे काय. आणि पुढच्या कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी विचारा, नंतर नाही. नंतर ते कॉफी देतात.”

लुचिनाने हात मागे घेतले, पाठीमागे लपवले, जणू रेगिना ते हिसकावून घेणार होती.

“माझं औषध वेगळं आहे.”

“असेल.”

“मला डॉक्टर म्हणालेत, माझ्या शरीराला ते मानवलंय. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं.” तिचा आवाज चढला. “तुमचा फोटो उतरवला म्हणून राग आलाय तुम्हाला. वाईट वाटतं मला तुमच्याबद्दल, पण दुसऱ्याचं चांगलं बघवत नसेल तर निदान बोलू तरी नका!”

रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. एका म्हाताऱ्याने “खरंय” म्हणून मान डोलावली. मी तोंड उघडणार होते, पण रेगिनाने मला कोपराने ढोसलं. तिने लुचिनाला “जपून राहा” म्हटलं, आणि आम्ही चिठ्ठी घेऊन बाहेर पडलो.

आम्ही फाटकापाशी आलो. मी संतापले होते. म्हटलं, “केवढी आगाऊ बाई! तोंडावर मारायला हवं होतं काहीतरी.”

“मला कुणी असं येऊन सांगितलं असतं ना इर्मा, त्या जूनमध्ये, मी लाल झगा घातलेला असताना,” रेगिना म्हणाली, “तर मी तिला दोन शिव्या जास्त दिल्या असत्या.”

लुचिनाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. दोन वर्षांत सायकलवाली गेली आणि तिच्या जागी पोहणारा एक माणूस आला. तो आमच्या बाजूचा नसावा.

आता चौथी इमारत चढतेय. आमच्या चाळीतल्या मागच्या ओळीत डॉक्टरांसाठी घरं होणार म्हणतात, त्यामुळे खालच्या मजल्यावरचे लोक जायला लागलेत. रेगिना अजून इथेच आहे. तिला आता चाकाच्या खुर्चीतून थांब्यावर न्यावं लागतं, ऊन असलं की झेनोन नेतो, त्याची कंबर धरली असली की मी. तिथे बसून ती ट्राम बघते. बाहेरगावाहून आलेले लोक हातात रिपोर्टच्या पिशव्या घेऊन उतरतात, गोंधळतात, आणि खुर्चीतली बाई दिसली की तिलाच विचारतात. ती नीट सांगते. मुख्य दाराने जाऊ नका, तिथे नुसती विचारपूस करतात, धुरांड्याच्या बाजूने जा, डावीकडची खिडकी, उजवीकडची नाही. सकाळी या, दुपारी संगणक बंद पडतो.

परवा एका माणसाने तिचे आभार मानले आणि जाता जाता थांबून विचारलं, “चांगलं आहे का हो तिथे?”

“इमारत चांगली आहे,” रेगिना म्हणाली.

त्याला ते पुरलं असावं. टोपीला हात लावून तो रस्ता ओलांडून गेला.